धुराच्या नळीचे वेळापत्रक

मोटारीच्या इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळी कशी असावी, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी एकच उत्तर देतील : रुंद, सरळ आणि आखूड. न्हाणीघराची मोरी तुंबू नये म्हणून आपण जे करतो तेच इथेही करायचे. उत्तर तर्काला धरून आहे. गॅरेजमधले पुष्कळ अनुभवी मिस्त्रीही असेच मानतात आणि जुन्या गाडीची बिडाची नळी काढून तिथे चांगली जाडजूड नळी बसवून देतात. गाडी गर्जना करू लागते, मालक खूश होतो. पण घाट चढताना हीच गाडी पूर्वीपेक्षा लवकर धापा टाकू लागते. पैसे खर्च करून ताकद कमी झाली! असे का व्हावे?

कारण धुराची नळी ही मोरी नाही, ती बासरीची जवळची नातेवाईक आहे. तिच्यातून वायू वाहतो हे खरे, पण त्याच वेळी दाबाच्या लहरीही तिच्यात ये-जा करत असतात. लहर योग्य वेळी परत आली तर ती इंजिनाला मदत करते, अवेळी आली तर अडथळा आणते. म्हणून अशी नळी बनवताना पहिला प्रश्न 'किती रुंद?' हा नसून 'मिनिटाला किती फेऱ्यांसाठी?' हा असतो. मोटारशौकीन जिला 'हेडर' म्हणतात ती शाखांची नळी एका प्रत्यक्ष इंजिनासाठी कशी आखतात आणि बांधतात ते या लेखात पाहू. त्यासाठी लागणारे विज्ञान शाळेच्या वरच्या वर्गांतल्या पुस्तकांबाहेरचे नाही.

आपले इंजिन

उदाहरणासाठी इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही छोटी, वेगवान मोटार घेऊ. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि हौशी मंडळी त्या आजही चालवतात. तिच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ८०.२६ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ८८.९ मिलिमीटर आणि चारही सिलिंडरांचे मिळून घनफळ सुमारे १८०० घनसेंटिमीटर.

हे इंजिन आपल्याला परके नाही. ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले. याच मालिकेतले १४८९ घनसेंटिमीटरचे धाकटे भावंड आपल्या ॲम्बॅसॅडरच्या बॉनेटखाली अनेक वर्षे धडधडत होते. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण चालत्या गाड्या अजूनही दिसतात. दोन्ही इंजिनांत दट्ट्याची धाव सारखीच आहे, फरक व्यासाचा. ॲम्बॅसॅडरमधला व्यास ७३.०२ मिलिमीटर. दोन्ही घनफळे विद्यार्थ्यांना काढायला सांगा. वृत्तचितीचे सूत्र पुरेसे आहे.

या मालिकेची एक खोड आहे, आणि तीच आपल्या नळीचा आकार ठरवते. सिलिंडर चार असले तरी धूर बाहेर पडण्यासाठी इंजिनाच्या डोक्यात, म्हणजे 'हेड'मध्ये, तीनच खिडक्या आहेत. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र खिडकी. दुसऱ्या आणि तिसऱ्याला मिळून मधली एक. हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत घेणाऱ्या खिडक्या तर दोनच आहेत. शिवाय या पाचही खिडक्या इंजिनाच्या एकाच अंगाला आहेत. म्हणजे कार्ब्युरेटर आणि तापलेली धुराची नळी अगदी खेटून राहतात.

चार धावा आणि एक छोटी फट

चार धावांचे चक्र आपण शिकवतोच : शोषण, संपीडन, ज्वलन आणि निष्कासन. फळ्यावर आपण असे काढतो की एक धाव संपते आणि तिथेच एक झडप बंद होऊन दुसरी उघडते. प्रत्यक्षात झडपा इतक्या शिस्तीच्या नसतात, आणि मुद्दामच नसतात. एमजीबीची एक्झॉस्ट झडप दट्ट्या खालच्या टोकाला पोहोचण्याच्या ५१ अंश आधीच उघडते आणि वरचे टोक ओलांडल्यावर २१ अंशांनी बंद होते. (हे अंश क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे.) म्हणजे ती ५१ + १८० + २१ = २५२ अंश उघडी असते. इनलेट झडप दट्ट्या वरच्या टोकाला येण्याच्या १६ अंश आधी उघडते. म्हणून वरच्या टोकाच्या आसपास १६ + २१ = ३७ अंश दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असतात.

ही ३७ अंशांची फट फार मोलाची आहे. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचला तरी त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरतेच. या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ८.८ आहे. त्यावरून ही जागा ४५० ÷ ७.८, म्हणजे सुमारे ५८ घनसेंटिमीटर येते. दट्ट्या तिथला धूर ढकलून काढू शकत नाही. तो धूर तिथेच राहिला तर पुढच्या फेरीचे ताजे मिश्रण तेवढे कमी भरणार. पण नेमक्या या फटीच्या वेळी धुराच्या खिडकीपाशी दाब वातावरणापेक्षा कमी असेल, तर उरलेला धूर बाहेर ओढला जाईल आणि त्याच्यामागून ताजे मिश्रण आत सरकू लागेल. हे ओढण्याचे काम कोणताही पंप न लावता नळीकडूनच करून घ्यायचे आहे.

मालगाडीचा धक्का

एक्झॉस्ट झडप उघडते तेव्हा सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या काही पट असतो. फुग्याचे तोंड सोडावे तसा वायू नळीत घुसतो. यावेळी दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या वेगांनी निघतात. एक स्वतः वायू, आणि दुसरी दाबाची लहर.

फरक समजण्यासाठी यार्डात उभी असलेली मालगाडी आठवा. इंजिनाने एका टोकाला धक्का दिला की 'खड् खड् खड्' असा आवाज डब्याडब्यांतून क्षणात शेवटपर्यंत धावतो. डबे मात्र हळूच, हातभर सरकतात. धावणारा खडखडाट ही लहर. सरकणारे डबे म्हणजे वायू.

आता शेवटच्या डब्याकडे पाहा. त्याच्या पुढे ढकलायला कोणी नाही. धक्का पोहोचताच तो मोकळेपणाने पुढे जातो, साखळी ताणतो आणि मागच्या डब्याला हिसका देतो. तो हिसका डब्याडब्यांतून इंजिनाकडे परत येतो. म्हणजे 'ढकलणे' गेले आणि 'ओढणे' परत आले. नळीतही हेच होते. दाबाची लहर नळीच्या मोकळ्या टोकाला, किंवा नळी जिथे एकदम रुंद होते तिथे पोहोचली, की वायू बाहेर उसळतो आणि मागे कमी दाब सोडतो. ही विरलनाची लहर झडपेकडे परत धावते. टोक बंद असेल तर मात्र दाबाची लहर दाबाचीच होऊन परतते.

हा फरक कानांनी ऐकता येतो. सुमारे अर्धा मीटर लांबीचा प्लॅस्टिकच्या नळाचा तुकडा घ्या. एका टोकावर तळवा आपटा आणि तसाच दाबून ठेवा. एक खोल स्वर येईल. आता तळवा आपटून लगेच उचला. स्वर जवळजवळ एक सप्तक वर जाईल. नळी तीच, लांबी तीच. बदलले ते फक्त टोक. तबल्याला किंवा पेटीला सरावलेला विद्यार्थी वर्गात असेल तर तो हे सप्तक चटकन ओळखेल.

लांबीचे गणित

लहर परत केव्हा येईल हे तिच्या वेगावर अवलंबून आहे. खोलीच्या तापमानाला, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसला, हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४७ मीटर असतो. हा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. नळीतल्या धुराचे सरासरी तापमान ५०० अंश सेल्सिअस, म्हणजे ७७३ केल्व्हिन धरले तर वेग ३४७ × √(७७३ ÷ ३००), म्हणजे सुमारे ५५७ येतो. धुराचे घटक हवेपेक्षा थोडे वेगळे असल्याने तो किंचित कमी होतो. आपण ५५० धरू.

आता वेळ. इंजिन मिनिटाला 'फे' फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ६ × फे अंश फिरतो. दाबाच्या लहरीचा मुख्य जोर निघाल्यापासून ओढणारी लहर परत हवी असेल तोपर्यंतचा कोन 'को' म्हणू. तेवढ्या वेळात लहरीने नळीची लांबी दोनदा कापायची आहे, एकदा जाताना आणि एकदा येताना. म्हणून,

नळीची लांबी = (ध्वनीचा वेग × को) ÷ (१२ × फे)

'को' किती घ्यायचा? झडप हळूहळू उघडते, त्यामुळे लहरीचा जोर दट्ट्या खालच्या टोकाला असताना किंवा त्यानंतर थोड्या वेळाने भरात येतो. शिवाय परतणारी लहर ही सुईसारखी टोकदार नसून चांगली रुंद असते. झडपांची फट सुरू होण्यापूर्वीच तिचे काम सुरू झालेले बरे. या हिशेबाने १२० अंश हा पहिल्या अंदाजासाठी चांगला आकडा आहे. त्यावरून मिनिटाला ६००० फेऱ्यांसाठी लांबी ०.९२ मीटर, ५००० साठी १.१० मीटर, ४००० साठी १.३८ मीटर आणि ३००० साठी १.८३ मीटर येते. ही लांबी झडपेपासून मोजायची. म्हणजे हेडच्या आतला मार्गही तिच्यात धरायचा.

या चार आकड्यांत लेखाचे सगळे सार आहे. एकच नळी सर्व वेगांना साथ देऊ शकत नाही. ५००० फेऱ्यांना मदत करणारी लहर दुसऱ्या एखाद्या वेगाला अवेळी पोहोचते आणि फटीच्या वेळी ओढण्याऐवजी धूर उलट आत ढकलते. एका वेगाला मिळालेला फायदा दुसऱ्या वेगाला फेडावा लागतो.

मग आपली गाडी खरोखर किती फेऱ्यांवर चालते? एमजीबी सर्वांत जास्त शक्ती देते मिनिटाला ५४०० फेऱ्यांना. पण वरच्या गिअरमध्ये दर १००० फेऱ्यांना ती ताशी सुमारे २९ किलोमीटर धावते. म्हणजे ५४०० फेऱ्यांचा अर्थ ताशी १५० किलोमीटरहून अधिक! ब्रिटनमध्ये मोटारींना कमाल ७० मैल, म्हणजे ताशी सुमारे ११३ किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला इंजिन ३९०० फेऱ्यांवर असते. शर्यतीच्या मैदानावर जाणाऱ्याने एक मीटरची नळी बनवावी. सहलीला जाणाऱ्याने १.४ मीटरची. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला शर्यतीची नळी बसवली की आरंभी सांगितलेला घाटातला अनुभव येतो.

शेजाऱ्याचा उपद्रव

आतापर्यंत आपण एकाच सिलिंडरचा विचार केला. चार सिलिंडर एकत्र आले की एकाचा धक्का दुसऱ्याला बसू लागतो. या इंजिनात ज्वलनाचा क्रम १-३-४-२ असा आहे आणि दोन ज्वलनांत १८० अंशांचे अंतर असते.

पहिल्या सिलिंडरची एक्झॉस्ट झडप उघडल्यावर १८० अंशांनी तिसऱ्याची उघडते. पण पहिल्याची झडप २५२ अंश उघडी असते. म्हणजे शेवटचे २५२ − १८० = ७२ अंश दोन्ही उघड्या. नेमका हाच पहिल्या सिलिंडरच्या मोलाच्या फटीचा काळ, आणि तेव्हाच तिसरा सिलिंडर पूर्ण जोराने फुंकर मारतो. दोघांच्या नळ्या जवळच जोडलेल्या असतील तर तिसऱ्याचा धूर पहिल्यात घुसेल.

आता दुसरा आणि तिसरा पाहा. क्रमानुसार त्यांच्यात ३६० अंशांचे अंतर आहे. झडप २५२ अंशच उघडी राहते, म्हणून या दोघांच्या झडपा कधीच एकाच वेळी उघड्या नसतात. पहिल्या आणि चौथ्याचेही तसेच. म्हणून मधली सामाईक खिडकी दिसायला अडचणीची असली तरी तिने जोडलेली जोडी योग्यच आहे. आपल्याला फक्त कडेच्या दोन नळ्या एकत्र आणायच्या. मग मधली एक लांब शाखा आणि कडेच्या दोघींची मिळून एक शाखा अशा दोन शाखा उरतात. या दोघींना मात्र शक्य तितके दूर जाऊन भेटवायचे.

किती दूर? ७२ अंश संपेपर्यंत शेजाऱ्याची लहर पोहोचू नये, एवढे. मिनिटाला ३००० फेऱ्यांना ७२ अंश म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग चार वेळा. तेवढ्यात लहर २.२ मीटर जाते : एका शाखेतून खाली आणि दुसऱ्या शाखेतून वर. म्हणून प्रत्येक शाखा निदान १.१ मीटर हवी. ५००० फेऱ्यांना ६६ सेंटिमीटर पुरतात. सहलीच्या गाडीसाठी निवडलेली १.४ मीटर लांबी सुमारे २४०० फेऱ्यांपासून वर हे संरक्षण देते. दोन वेगळ्या मार्गांनी केलेला हिशेब एकाच दिशेला नेतो : रस्त्यावरच्या गाडीला लांब शाखा हव्यात.

इथे कारखान्यातल्या अभियंत्यांना श्रेय दिले पाहिजे. एमजीबीची मूळ बिडाची नळी अडाणी नाही. तिच्यातही मधली शाखा वेगळी आणि कडेच्या दोघी एकत्र अशी दोन तोंडे आहेत आणि ती खाली जाऊन मिळतात. म्हणून हिशेब न करता बनवलेली चकचकीत नळी तिच्यापुढे सहज हरते.

रुंदी किती?

एका फेरीत सिलिंडर ४५० घनसेंटिमीटर मिश्रण घेतो असे धरू. ते ५०० अंशांना धूर होऊन सुमारे २.६ पट फुगते, म्हणजे जवळजवळ ११६० घनसेंटिमीटर होते. नळीचा आतला व्यास ३८ मिलिमीटर असेल तर छेदाचे क्षेत्रफळ ११.३ चौरस सेंटिमीटर आणि धुराच्या स्तंभाची लांबी १०२ सेंटिमीटर. ५००० फेऱ्यांना झडप ८.४ मिलिसेकंद उघडी असते. त्यावरून धुराचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १२० मीटर येतो.

व्यास ४५ मिलिमीटर केला तर हाच वेग ८७ मीटरवर उतरतो. वेगाने जाणारा स्तंभ स्वतःच्या जडत्वाने मागे खेच निर्माण करतो. सावकाश जाणारा तेवढी करत नाही. रुंद नळीत लहरही दुबळी होते. उलट फारच अरुंद नळीत धूर ढकलण्यासाठी दट्ट्याला शक्ती खर्च करावी लागते. या आकाराच्या इंजिनाला ३८ मिलिमीटरच्या आसपासचा व्यास सोयीचा ठरतो. 'जाड तितकी चांगली' हा समज इथे मोडतो.

हाताने काम

आता कामाला लागू. पहिली वस्तू म्हणजे हेडला टेकणारी पट्टी, अर्थात फ्लँज. ती साधारण १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यातून कापतात. आकार नव्या गॅस्केटवरून उतरवून घ्यायचा आणि भोके खिडकीपेक्षा लहान होऊ द्यायची नाहीत. या इंजिनात एक खुबी आहे. कार्ब्युरेटरकडची नळी आणि धुराची नळी या दोघींना त्याच बोल्टांवरचे रुंद, जाड वॉशर एकत्र दाबून धरतात. म्हणून दोन्ही फ्लँजची जाडी सारखी नसेल तर वॉशर तिरपे बसतात आणि पातळ बाजूने गळती होते.

दुसरी पायरी नळीचा मार्ग ठरवण्याची. स्टिअरिंगचा दांडा, चासी आणि गाडीचा तळ यांच्यामधून वाट काढायची असते. शिवाय इंजिन रबरी बैठकांवर बसलेले असल्याने ते हलते, म्हणून सगळीकडे बोटभर मोकळी जागा हवी. वेल्डिंगची सळई वाकवून आधी मध्यरेषा तयार करतात, किंवा प्लॅस्टिकच्या नळाचे तुकडे आणि कोपरे जोडून नमुना उभा करतात. लांबी मोजायची ती मध्यरेषेवर. ६० मिलिमीटर त्रिज्येच्या काटकोनी वळणाची लांबी वर्तुळाच्या परिघाचा चौथा भाग, म्हणजे ९४ मिलिमीटर. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या नळ्या त्यांच्या जोडापर्यंत सारख्या लांबीच्या व्हाव्यात म्हणून जवळच्या नळीला मुद्दाम वळसा द्यावा लागतो. हेडरला दिसतो तो सापांच्या जुडग्यासारखा आकार शोभेसाठी नसून या बरोबरीसाठी असतो.

पोकळ नळी नुसती वाकवली तर ती वळणावर चपटी होते. म्हणून आत आधार देणाऱ्या यंत्रावर वाकवलेली तयार वळणे आणून ती कापून जोडतात. जुने कारागीर नळीत कोरडी वाळू ठासून, तोंडे बंद करून, भट्टीत लाल करून वाकवत. हे तंत्र आजही चालते. मात्र वाळूत ओलावा राहिला तर वाफेच्या दाबाने तोंडाची खुंटी गोळीसारखी सुटते.

वेल्डिंग करताना फ्लँज एखाद्या निकामी हेडवर घट्ट आवळून ठेवावी. आधी सर्व जोडांना फक्त टाके घालावेत, गाडीत बसवून पाहावे आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. तापलेले लोखंड थंड होताना आकसते आणि मोकळी फ्लँज केळीसारखी वाकते. शेवटी सपाट पट्टी लावून तिचा पृष्ठभाग तपासावा आणि लागल्यास घासून घ्यावा.

प्रसरणाचाही विचार हवा. एक मीटर साधी पोलादी नळी ५०० अंशांनी तापली की ६ मिलिमीटर लांबते. स्टेनलेस स्टीलची सुमारे ८.५ मिलिमीटर. मधली आणि कडेच्या नळ्या सारख्या तापत नाहीत, त्यामुळे सगळे जोड घट्ट वेल्ड केले तर कुठेतरी तडा जातो. म्हणून शाखा जिथे मिळतात तिथे एक नळी दुसरीत सरकू शकेल असा जोड ठेवतात.

जपायच्या गोष्टी

जस्ताचा मुलामा दिलेली पाण्याची नळी या कामाला कधीही वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो आणि तो श्वासात गेल्यास ताप व थंडी भरते.

त्याहून मोठा धोका नळीतल्या वायूचा. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते. एखादा जोड गळत असेल तर तो वायू डॅशबोर्डाखालच्या भोकांतून गाडीत शिरू शकतो आणि चालकाला कळतही नाही. म्हणून नवी नळी बसवल्यावर इंजिन थंड असताना मागच्या टोकाने हलका हवेचा दाब द्यावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. बंद गॅरेजात इंजिन चालवून पाहणे हा प्रयोग नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

या इंजिनात कार्ब्युरेटर धुराच्या नळीला खेटून असतो हे आपण पाहिलेच. त्यांच्यामधला उष्णता अडवणारा पत्रा काढून टाकू नये. काढला तर पेट्रोल कार्ब्युरेटरमध्येच वाफाळते आणि तापलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

कानावर विश्वास ठेवू नका

नळी बसली, आवाज बदलला. गाडी सुधारली का? इथे कान हमखास फसवतात. मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद असे मन ठरवून टाकते. त्यासाठी शाळेतले घड्याळच कामाला आणावे. रहदारी नसलेल्या, सुरक्षित आणि सपाट रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, ताशी ५० वरून ८० किलोमीटरपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोजावे. वारा आणि चढ यांचा परिणाम जावा म्हणून दोन्ही दिशांना, निदान पाच-पाच वेळा. आधी जुनी नळी, मग नवी. गाडीतले वजन तेच, हवामान शक्यतो तेच. दोन सरासरींतला फरक जर एकाच नळीच्या निरनिराळ्या वेळांतल्या फरकापेक्षा लहान असेल, तर सुधारणा झाली असे म्हणता येणार नाही. कार्ब्युरेटरचे मिश्रणही नव्याने जुळवावे लागते. तसे न करता केलेली तुलना अपुरी.

आणि काढलेली बिडाची नळी भंगारात देऊ नका. तेल लावून, गुंडाळून ठेवा. आपल्याकडे २०२१ साली आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण वाहन मूळ रूपात राखलेले असावे आणि त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. बोल्ट सोडून मूळ नळी परत बसवता येणे हा शहाणपणाचा भाग आहे.

विद्यार्थ्यांसाठी दोन प्रश्न देऊन थांबतो. पहिला : थंडीच्या पहाटे नळी अजून तापलेली नसताना लहरीचा वेग कमी असतो; मग त्या वेळी तीच नळी जास्त फेऱ्यांना साथ देईल की कमी? दुसरा : ज्वलनाचा क्रम १-३-४-२ ऐवजी १-२-४-३ असता, तर मधली सामाईक खिडकी चालली असती का? दोन्हींची उत्तरे वरच्या सूत्रात आणि बेरजांत आहेत. ॲम्बॅसॅडर असलेले एखादे घर ओळखीत असेल तर तिच्या झडपांचे अंश तिच्या माहितीपुस्तिकेतून घ्या आणि हाच हिशेब पुन्हा मांडा.